मधुकरभाऊंना बोलू द्या

मंगळवार, दुपारचे बारा. एका कर कार्यालयाची पहिल्या मजल्यावरची खोली. साहेबांनी मला दोन बोटांनी टेबलावरून मागे सरकवलं.

मी कागद बोलतोय, अधिकारपत्राचा कागद. माझ्यावर चारच ओळी आहेत: ज्योत्स्नाबाईंच्या विवरणपत्राबद्दल त्यांच्या वतीने करसल्लागार मधुकर यांनी बोलावं. जिला जागचं हलता येत नाही, तिचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून पोचावं, एवढ्यासाठी माझा जन्म.

जन्म बुधवारा पेठेतल्या मधुकरभाऊंच्या दुकानातला. प्रिंटरची ऊब अंगावर होती तोवरच मला फाइलीत घालून ते स्कूटरने त्याच गावातल्या लालबागेत बाईंच्या घरी पोचले.

ज्योत्स्नाबाई खाटेवर होत्या. न्हाणीत पाय घसरून खुबा मोडलेला. ऑपरेशनचा दिवस ठरला, आणि त्याच आठवड्यात कराची थकबाकी दाखवून त्यांचं बँकेचं खातं गोठवलं गेलं. थकबाकी कसली? त्यांचे मालक, धोंडू, कागद गिरणीत कामाला होते. त्यांच्या, आता बाईंच्या नावे आलेल्या, फंडावरचं व्याज कुणीतरी दोनदा धरलं होतं. समोर बसून बोललं की सुटेल अशी चूक.

“मले काई तिथपर्यंत येता येत नाही, भाऊ. तुमी बोलजा माह्याकडून,” बाई म्हणाल्या आणि सावकाश सही केली: सुशीला.

मधुकरभाऊ दचकले. “काकू, हे काय? नाव ज्योत्स्ना आहे न तुमचं?”

“ते सासरचं. यायनं, आमच्या मालकायनं, लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलं होतं. तांदूळ त्याच दिवशी शिजले, नाव तेवढं राह्यलं!” बाई खुब्याची कळ विसरून हसल्या. “हात तर शाळेत सुशीलाच शिकला. कार्डावर बी तीच सही हाय, पाहा.”

खरंच होतं. पॅन कार्डावर नाव ज्योत्स्ना, खाली सही सुशीला. वळण हुबेहूब माझ्यावरच्या सहीचं. भाऊंचा जीव भांड्यात पडला.

साहेबांना मात्र ते चाललं नाही.

“ये सुशीला कौन है?”

“वही हैं, सर. कार्ड से दस्तखत मिला लीजिए.”

“आप किस हैसियत से बोल रहे हैं?”

“इसी लेटर से.”

“लेटर तो गलत है. फिर आप बोल ही नहीं सकते.”

म्हणजे मी खरा आहे हे सांगायला भाऊंनी बोलायला हवं, आणि भाऊंना बोलता यावं म्हणून आधी मी खरा ठरायला हवा! कार्ड साहेबांच्या चष्म्यापासून वीतभर अंतरावर पडलं होतं. त्यांनी मान वाकवली नाही.

“नामंजूर किया, इतना तो लिख दीजिए, सर.”

“क्लाइंट को ले आइए.”

“खाटेसकट आणू का?” भाऊ मराठीतच कडाडले. साहेबांनी फोन कानाला लावला.

आता मी भाऊंच्या फाइलीत पडून आहे. ऑपरेशनचा दिवस टळून गेला. बाईंचा फोन येतो, “बोलले का, भाऊ?” भाऊ म्हणतात, “बोलतो, काकू.” आवाज त्यांचाच, पण मला ओळखू येत नाही.

दोन नावांच्या बाया आपल्या घरोघर आहेत. त्यांच्यासाठी कुणी बोलायला उभं राहिलं, तर निदान कार्ड उचलून पाहा, एवढंच मागणं आहे.

माझ्यावर बाईंची सही आहे, भाऊंची सही आहे. मला परत पाठवणाऱ्याची सही मात्र कुठेच नाही.