राहीच्या कपाळावरचं गोंदण

मित्रांनो, मी एक जुनी पेन्सिल आहे, पण शाळेच्या दप्तरात मी कधीच गेले नाही. कुळगावातल्या शिवरामकाकांच्या फोटो-स्टुडिओत मी चेहरे गोरे करत असे. निगेटिव्हवर जे काळं, ते फोटोत पांढरं उमटतं. म्हणून काका माझं टोक सुईसारखं करत आणि निगेटिव्हवरच्या गालांवर मला अलगद फिरवत. लग्नाच्या मुली फोटो बघून हरखून जात. मलाही माझा अभिमान वाटे.

१९८७ साली चामटोलीपलीकडच्या ठाकर आदिवासींच्या वाडीतून राही आली. बारावी झालेली ती वाडीतली पहिलीच मुलगी. उल्हासनगरच्या एका साडीच्या दुकानात काउंटरवर मुली हव्या होत्या. अर्जाला फोटो लावायचा होता. राहीच्या कपाळावर लहानपणी गोंदलेले तीन हिरवे ठिपके होते.

"काका, हे दिसणार का?"

"कशाला दिसेल? पेन्सिल आहे ना," काका हसले.

मी ठिपके बुजवले. रंगही उजळला. राहीने फोटो पाहिला आणि नुसताच हात कपाळावर नेला.

आठवड्याने ती पुन्हा आली. दुकानाने भेटायला बोलावलं होतं, तरी चेहरा उतरलेला.

"काका, तिकडे फोटो नाही जाणार, मी जाणार. त्यांनी कपाळ बघितलं तर?"

मला पहिल्यांदाच माझी भीती वाटली.

त्यानंतर ती आली ती आईबरोबर, कपाळाला पट्टी बांधून. उल्हासनगर कॅम्पातल्या बाजारात कुणीतरी ॲसिडने गोंदण काढून देत होतं. जखम चिघळून भुवईपर्यंत उतरली होती. दुकानाने दुसरी मुलगी घेतली होती.

"दादा, फोटोत तरी हाय का त्ये?" आई, चंद्री, विचारत होती. "माझ्या आयशीनं गोंदलं व्हतं."

काकांनी निगेटिव्ह शोधली, कापूस टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि माझं सगळं काम पुसून टाकलं. मग नवा फोटो छापला. तिन्ही ठिपके होते. रंग राहीचाच होता.

चंद्रीने फोटो पदराने टिपला. राहीने तो हातात घेतला.

"आई, मी चांगली दिसत होते गं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकांनी पुन्हा माझं टोक काढलं. बाहेर बाकावर एक मुलगी गालांवर पावडर थापत बसली होती. मित्रांनो, तुमच्या घरातही अशी कुणी असेल. माझ्यापर्यंत पोचण्याआधी तिला कुणीतरी हाक मारून थांबवा.