कोटाला रफू

"कॉलर उलटी करा बघू," बायको म्हणाली.

रफूवाल्यांनी मुकाट्याने कॉलर उलटी केली. खालून सुई निघाली. बायकोने ती डबीत टाकली, डबी कपाटात कोंडली आणि किल्ली गळ्यात अडकवली.

"अहो, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. टोचलं तर थांबणार आहे का?"

"जन्मभर टोचून घेतलं. तेव्हा नाही मेलो."

"मागच्या महिन्यात मेलाच होतात की!" ती म्हणाली आणि तिचेच डोळे भरून आले.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. हृदयाच्या रक्तवाहिनीच्या अस्तरात चरबी साठते. ती साफ करायला पांढऱ्या पेशी धावून येतात, खाऊन खाऊन फुगतात आणि मग त्यांना तिथून निघताच येत नाही. तिथेच मरतात. त्या फुगवट्यावरचं अस्तर एक दिवस फाटतं. मग रक्तातलं एक प्रथिन धागे विणून भोक बुजवायला घेतं आणि त्या नादात रस्ताच बंद करून टाकतं.

"म्हणजे आतल्या कारागिराला हात आवरला नाही," रफूवाले म्हणाले होते.

आतला कारागीर चुकला आणि सुया बाहेरच्याच्या जप्त झाल्या, याचा त्यांना मनस्वी राग होता. बायको समोर बसून त्यांचा श्वास ऐकत राही. न्हाणीघराला कडी लावायची नाही, दुकानाचं नाव काढायचं नाही. घर अंगावर येई.

त्या सकाळी पाळणाघरातून फोन आला, महिन्याची रजा संपली म्हणून. बायको तिथे मुलं सांभाळायची. रोज जेवताना त्या पोरांच्या नकला करून ती रफूवाल्यांना ठसका लागेपर्यंत हसवायची.

"सोमवारपासून नाही जमणार," ती फोनवर म्हणाली. "बघा दुसरी कोणी." मग ती भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. महिनाभर हीसुद्धा उंबऱ्याबाहेर पडलेली नाही, हे रफूवाल्यांच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुपारी तिचा डोळा लागला. पडद्याच्या दुमडीत आणखी एक सुई होती. कारागीर एका सुईवर विसंबत नाही. दाराशी तिचा कामावर जायचा लोकरी कोट लटकत होता, कोपराशी फाटलेला. त्यांनी कोटाच्याच आतल्या शिवणीतून धागे ओढून काढले आणि खिडकीशी बसले.

शेवटच्या टाक्याला सुई बोटात गेली. कोटाला डाग नको म्हणून त्यांनी हात लांब, वर धरला. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

बायको दचकून उठली. त्यांचं बोट रुमालात घट्ट दाबून ती बसून राहिली. कितीतरी वेळाने तिने रुमाल उचलला.

"थांबलं," ती म्हणाली.

"थांबतं गं. उशिरा, पण थांबतं. घाल तो कोट. सोमवारी कामावर जा."

तिने कोट घातला. एक बाही उजेडात धरली, मग दुसरी.

"कुठल्या कोपराला फाटला होता हो?"

रफूवाल्यांचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा खुलला.

सगळी बटणं लावून ती दारापाशी गेली. कडीवर हात ठेवला. वळून त्यांच्याकडे पाहिलं, मग परत आली आणि खुर्ची ओढून समोर बसली.

खोलीत उकडत होतं. कोट मात्र तिने काढला नाही.