आईच्या नावाचा रकाना

“वहिनी, दे इकडे. मी लिहिते ना.”

“तुझं अक्षर म्हणजे कुत्रं मागं लागलेली मेंढरं. गप बस,” म्हणत रिस्कुलनं पिशवी मांडीवर आडवी घेतली आणि प्रवेशअर्ज तिच्यावर सपाट केला.

बिश्केकमधल्या विद्यापीठाच्या आवारात, कायदा शाखेच्या खिडकीसमोरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. नारिनहून काल पाच तास टॅक्सीत दाटीवाटीनं बसून आल्या होत्या. नारिनच्या नोंदणी कचेरीबाहेर रिस्कुलचं टेबल होतं. जन्म, मृत्यू, लग्न, काडीमोड, हरवलेला पासपोर्ट, कुणाचं काहीही असो, अर्ज लिहावा तर रिस्कुलनंच. इतक्या वर्षांत तिचा एकही अर्ज खिडकीतून परत आला नव्हता, आणि हे ती ऐकणाऱ्याला जांभई येईपर्यंत सांगत असे. कानिशाय त्याच टेबलाखाली खेळत मोठी झाली. एका शिक्क्यासाठी म्हाताऱ्याकोताऱ्यांना परत पाठवतात हे बघून बघून तिनं आठवीतच जाहीर केलं होतं, “मी वकील होणार. तू बाहेर बसून लिही, मी आत जाऊन भांडते.”

अर्ज तसा सोपा होता. नाव, जन्मतारीख, परीक्षेचे गुण. पेन अडलं ते आईवडिलांच्या रकान्यापाशी.

कानिशायला जन्म दिला होता रिस्कुलनं. पण पहिलं नातवंड आजीआजोबांचं, ही रीत काही कुणी रिस्कुलला विचारून पाडली नव्हती. चाळिसाव्या दिवशी सासूनं बाळ आपल्या खोलीत नेलं आणि जन्मदाखल्यावर आईबाप म्हणून सासूसासऱ्यांची नावं लागली. पोर आजीला ‘आई’ म्हणू लागली, सख्ख्या बापाला ‘दादा’ आणि सख्ख्या आईला ‘वहिनी’. यात लपवाछपवी काही नव्हती. सगळ्या गल्लीला माहीत होतं, कानिशायलाही. दूध पाजायची वेळ झाली की रिस्कुलला हाक यायची, पाजून झालं की बाळ परत द्यायचं. सासू वाईट नव्हती, पोरीवर तिचा जीव होता. तरी रिस्कुलला फार वाईट वाटायचं, आणि ते तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

सासरा जाऊन सहा वर्षं झाली. सासू यंदा फेब्रुवारीत गेली. म्हणजे कागदावर कानिशाय पोरकी झाली होती. रिस्कुल तिची कागदोपत्री पालक, नातं थोरल्या भावाची बायको. आता कायद्याच्या, सरकारी खर्चानं शिकायच्या अकरा जागांपैकी दोन पोरक्या मुलांसाठी होत्या, आणि सरळ रांगेतून आत जायला कानिशायला सात गुण कमी पडत होते.

“आई : मृत,” रिस्कुल लिहिता लिहिता पुटपुटली. “दाखला सोबत जोडला आहे.”

“मला नको हे. तू इथं धडधडीत जिवंत बसलीयस.”

“मग काय, उठून मरू?”

“चेष्टा नको, वहिनी. खोटं लिहून वकील व्हायचं?”

“खोटं कुठंय? शिक्का आहे, सही आहे. कायदा शिकायला निघालीस नि कागदालाच खोटं म्हणतेस?”

“आणि खरंच कुणी पोरकी असली तर? तिची जागा जायची.”

“सकाळीच विचारून आलेय. आज शेवटचा दिवस, आणि दोन जागांना एकच अर्ज आलाय. कुणाच्या तोंडचा घास काढत नाही आपण. चल, ऊठ.”

रकान्यात तिनं सासूचं नाव टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं. लिहायला हरकत नव्हती. सुनेनं सासूचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. सासूचं नाव आल्माकान, आणि आल्मा म्हणजे सफरचंद, त्यामुळे लग्न झाल्यापासून रिस्कुलनं त्या फळाचंही नाव घेतलं नव्हतं. ती त्याला ‘ते गोल’ म्हणायची. लहानपणी कानिशाय मुद्दाम सफरचंद तिच्या नाकासमोर धरून विचारायची, “हे काय गं, वहिनी?” सासू मेल्यावरही रिस्कुलची जीभ तिकडे वळली नव्हती.

खिडकीत चष्मा लावलेली एक जाडजूड बाई होती. तिनं कागद एकावर एक ठेवून पाहिले आणि मग माणसांकडे पाहिलं.

“तुम्ही कोण हिच्या?”

“पालक. थोरल्या भावाची बायको.”

“अस्सं?” बाईंनी चष्मा खाली सरकवला. “नणंद-भावजयीचं नाक एकच कसं?”

“आमच्या गावात एकच नाक आहे, बाई. फिरवून फिरवून वापरतो.”

बाई मोठ्यानं हसल्या. रिस्कुलही हसली.

“बरं. आता मुलीनं सगळं तोंडी सांगायचं. मी कागदाशी ताडून बघते. मागाहून चूक निघाली की मला निस्तरावी लागते. वडिलांचं नाव?”

“ओरोझबाय.”

“हयात?”

“नाही.”

“आईचं नाव?”

कानिशायनं मान वळवून रिस्कुलकडे पाहिलं. टेबलाखालून बाहेर येऊन एखाद्या म्हातारीची बाजू घेऊन भांडताना तिचा जसा चेहरा व्हायचा, तसाच तो आत्ता झाला होता. रिस्कुलला तो पुरता ठाऊक होता. पोरगी आता काय बोलणार हे तिला कळलं. या एका शब्दासाठी ती सतरा वर्षं आसुसली होती, आणि तोच शब्द आता खिडकीत पडला तर जागा हातची जाणार होती.

“रि...” कानिशायनं सुरुवात केली.

“आल्माकान,” रिस्कुल मोठ्यानं म्हणाली. “हिच्या आईचं नाव आल्माकान. यंदा फेब्रुवारीत गेली.”

बाईंनी कागदावर बोट ठेवलं, मान हलवली आणि शिक्का मारला. “यादी शुक्रवारी लागेल. पण दोन जागा नि दोनच अर्ज, तेव्हा घोर नको,” म्हणत त्यांनी पावती बाहेर सरकवली. रिस्कुलनं ती दोनदा वाचून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

दोघी फाटकापाशी आल्या.

“तू नाव घेतलंस,” कानिशाय म्हणाली.

“घेतलं. म्हातारी वर बसून कपाळ बडवत असेल. पण तू भलतंच बोलायला निघाली होतीस.”

“भलतं नव्हतं ते.”

रस्त्यापलीकडे फळांची गाडी होती. परतीचा रस्ता पाच तासांचा, सोबत काहीतरी घ्यायला हवं होतं. रिस्कुल गाडीपाशी गेली आणि जुन्या सवयीनं बोट दाखवून म्हणाली, “ते गोल द्या, किलोभर.”

“कोणतं गोल, मावशी?” फळवाला वैतागला. “टोमॅटो गोल, टरबूजही गोल. नाव सांगा की.”

रिस्कुल नुसतं बोट दाखवत राहिली. आज एकदा नाव घेतलं होतं तेवढं पुरे होतं.

“सफरचंदं द्या,” कानिशाय मागून म्हणाली. “माझी आई सफरचंदं मागतेय.”

फळवाल्यानं तोलून तागडी पुढं केली. रिस्कुलनं पिशवी उघडून धरली, पण पहिली दोन सफरचंदं बाहेरच पडली.