झुंबरचा उखाणा

तड्. कढईत पहिला तीळ फुटला आणि सकाळपासून गप्प असलेल्या घराला जरा वाचा आल्यासारखं झालं.

झुंबरनं उलथनं फिरवलं. चुलीच्या अलीकडे तिची सासू सगुणाबाई गूळ चिरत बसली होती. सकाळीच मूलचंदशेठच्या लाडबाई स्वतः दारात येऊन हळदीकुंकवाचं बोलावणं करून गेल्या होत्या. तेव्हापासून सासूसुनेत शब्द झाला नव्हता.

"जाशील ना?" शेवटी सगुणाबाईनंच विचारलं.

"तिथं नाव घ्यावं लागंल, आत्याबाई."

"मंग घे."

झुंबरनं कढई खाली उतरवली. टेंभुर्णीत दोन वर्षांनी संक्रांत होत होती. रझाकारांच्या धास्तीनं दिवस कलला की दारं लागायची, तिथं हळदीकुंकू कुठलं? त्याच दिवसांत, दोन पावसाळ्यांमागं, तिचा नवरा रझाकारांशी लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेला. भाद्रपदात फौज आली, निजामाचं राज्य गेलं, कॅम्पातली माणसं एकेक करून परतली. गावानं त्यांना हार घातले. एक हार आठ दिवस वाट बघून सुकला. कॅम्पात तिच्या नवऱ्यासोबत असलेला भुजंग घरी येऊन, मान खाली घालून बोलला होता, "गोळीबार झाला तवा बद्री माझ्या मागंच व्हता. पडताना पाह्यलं न्हाई म्या त्याला. उठतानाबी पाह्यलं न्हाई."

तेव्हापासून पाणवठ्यावर बायका झुंबरशी बोलायच्या तोंडानं, पण बघायच्या तिच्या कपाळाकडं.

सगुणाबाईनं विळी आडवी केली. "माझं कुंकू पुसलं आन् मला बोलावणं यायचं बंद झालं. ती रीतच हाय. तुझं कुणी पुसलेलं न्हाई. पण तू आपणहून घरी बसलीस, तर पुढल्या साली कुणी बोलवायचं न्हाई. मंग मी कुणाशी भांडू, सांग."

तिच्या पदरावर गुळाची किसपटं पडली होती. ती तिनं एकेक करून वेचली आणि परातीत टाकली.

दिवस कलताना झुंबरनं हिरवं लुगडं नेसलं, चार वर्षांच्या लेकीचा, ठकूचा हात धरला आणि निघाली.

लाडबाईंच्या ओसरीवर सतरंजी भरून गेली होती. मारवाडणी एका अंगाला, कुणब्यांच्या बायका दुसऱ्या अंगाला, आणि मधे तिळाच्या लाडवांचं ताट. लाडबाईंनी वाणाला लाकडी फण्या आणल्या होत्या. आधी नाव, मग फणी, असा त्यांचा कायदा.

कुणब्यांच्या बाजूची पुष्पाबाई उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली,

"निजामाचं राज्य गेलं, दारी तोरण बांधते,
रखमाजीरावांच्या घरी आता बिनघोर रांधते."

"राज्य गेलं, पण भाकर करपायची गेली का?" मागून कुणीतरी बोललं.

"ते त्यांना इचारा. खाऊन राह्यलेत ना गुमान."

हशा पिकला. ठकूही हसली, काही न समजता. नावं पुढं सरकत आली. एकीनं उखाण्यात तिरंगा घातला, एकीनं जालन्याची आगगाडी. झुंबरच्या शेजारणीचं झालं आणि पाळी झुंबरवर आली.

पुष्पाबाई हळूच म्हणाली, "तिचं ऱ्हाऊ द्या. कशाला उगं तिच्या जिवाला. पुढं घ्या."

बोलण्यात वाईट काही नव्हतं. माया होती. पलीकडची बाई उठायलाही लागली. आणि झुंबरला कळलं की हे असंच होतं. कुणी काही पुसत नाही, कुणी काही फोडत नाही. नुसतं मायेनं पुढं सरकतात.

ती उभी राहिली. उखाणा पाठ केलेला नव्हता. कुठली तरी जुनी ओळ म्हणावी म्हटलं, तर एकही खरी वाटेना. ती लाडबाईंच्या पायांकडं बघत म्हणाली,

"सरहद ओलांडून गेल्याला झाले दोन हिवाळे,
बद्रीनाथरावांच्या वाटेवर माझे डोळे."

कुणी वाहवा केली नाही. पुष्पाबाईनं डोळ्याला पदर लावला. लाडबाई कोयरी घेऊन पुढं आल्या, झुंबरच्या कपाळावर हळद लावली, मग कुंकू, एरवीपेक्षा जरा मोठं.

"बराबर घेतलं," त्या म्हणाल्या आणि फणी तिच्या ओटीत घातली. "अगले साल पण यायचं. मी बोलवायला येईन."

परत येताना वाऱ्याला गारठा होता. आता दर संक्रांतीला यावं लागणार, दर संक्रांतीला हे नाव घ्यावं लागणार, हे झुंबरला चालता चालता उमगत होतं. तो आला तर ठीकच. नाही आला, तर किती हिवाळे मोजायचे? तिनं ठकूला कडेवर घेतलं, पदराखाली झाकलं.

"आई."

"हं."

"तू बाचं नाव कधीच घेत न्हाईस. आज घेतलंस."

"बायकांनी एरवी घ्यायचं नसतं, माय."

ठकूनं थोडा विचार केला. मग आईच्या मानेभोवतीचा हात घट्ट करत तिनं विचारलं, "पण तू लई हळू बोललीस. बाला ऐकू गेलं असंल का?"