‘नाही’ म्हणण्याआधी मला वाचा

मित्रांनो, मी एक जुनी राखाडी चौकट आहे. संगणक सुरू केलात की मी पडद्याच्या मधोमध येते आणि सांगते, ‘तुमच्या पासवर्डची मुदत इतक्या दिवसांत संपते आहे, आता बदलायचा का?’ खाली दोन बटणं आहेत, ‘हो’ आणि ‘नाही’. ‘हो’चं बटण अजून नव्यासारखं आहे.

ज्यांनी मला घडवलं, त्यांनी मला एवढं एकच वाक्य दिलं. आवाज दिला नाही. दिला असता तर या आत्मवृत्ताची भाषा वेगळी झाली असती.

मी नोएडात आले, तेव्हा आमच्या महामंडळाची काचेची इमारत नवीकोरी होती आणि कुंपणापलीकडे अजून मोहरी फुलत होती. पहिल्या दिवशी मला बघायला अख्खा विभाग जमला. “अच्छा, आपणहून सांगतं?” असं शेजारच्या टेबलावरची मीनाक्षी म्हणाली. कौतुक म्हणावं असं माझ्या आयुष्यात तेवढंच झालं.

माझं काम विभागप्रमुख निमकर साहेबांच्या संगणकावर होतं. साहेब दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरहून गाडीने येत, हिरव्या शाईने सह्या करत आणि संगणकाला हात लावत नसत. त्यांच्या नावाने सगळं काम त्यांचा कारकून हणमंत करायचा. साहेबांचा पासवर्ड हणमंतला ठाऊक होता, मीनाक्षीला होता, हिशेब विभागाला होता, चहावाल्यालाही असावा. ठाऊक नव्हता तो फक्त साहेबांना. आता असा पासवर्ड बदलायचा, तर किती जणांना नव्याने सांगत फिरायचं? म्हणून मी आले की हणमंत ‘नाही’ दाबायचा.

“काय म्हणतंय रे ते?” साहेब वर्तमानपत्रामागून विचारायचे.

“काही नाही साहेब, रोजचंच.”

“बंद कर ना यार, मला फाइल उघडायचीय,” मीनाक्षी म्हणायची.

मित्रांनो, मी रोजची नव्हते. माझी दिवसांची संख्या रोज कमी होत होती. पण ती वाचणार कोण?

त्याच वर्षी हणमंतची बदली व्हायची होती. त्याची बायको रेवती आणि मुलगी राधा सोलापुरात होत्या. हणमंतचे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांचं सगळं रेवती एकटी करत होती. सोलापूरच्या कार्यालयात एक जागा रिकामी झाली होती. शुक्रवारी संगणकावर बदल्यांचं पान उघडणार आणि संध्याकाळी बंद होणार होतं. तेवढ्या वेळात साहेबांच्या नावाने मंजुरी पडली की हणमंत घरी जायला मोकळा. साहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं, “माझी हरकत नाही. तूच दाब माझ्या वतीने.”

गुरुवारी मी शेवटची आले. ‘आज शेवटचा दिवस’ असं मी स्पष्ट लिहिलं होतं. हणमंत फोनवर होता. “या वेळी पक्कं, रेवती. राधाला सांग, जूनपासून शाळेत सोडायला मीच येणार.” आणि बोलता बोलता त्याने ‘नाही’ दाबलं.

शुक्रवारी सकाळी साहेबांचं खातं बंद.

त्याने दिल्लीच्या मुख्यालयात संगणक विभागाला फोन लावला. तिकडचा माणूस नम्र होता. “बिल्कुल हो जाएगा सर. साहब अपनी मेल से रिक्वेस्ट भेज दें.”

“मेल ही तो नहीं खुल रही.”

“वो तो ठीक है सर, पर भेजनी तो पड़ेगी.”

साहेबांनी हिरव्या शाईने कागद लिहून दिला. हणमंत तो घेऊन यमुनेपलीकडे गेला, रांगेत उभा राहिला, सही पटवून दिली. तो परतला तेव्हा खातं उघडलं होतं आणि बदल्यांचं पान बंद झालं होतं. सोलापूरची जागा भोपाळच्या कुणाला तरी मिळाली.

“पुढच्या वर्षी बघू,” साहेब म्हणाले. ते खरंच हळहळले होते. त्या दिवशी त्यांनी हणमंतला आपल्या गाडीतून बस स्टॉपपर्यंत सोडलं.

काही महिन्यांनी माझी वेळ पुन्हा आली. हणमंतने मला उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. मग खुर्ची मागे ओढली.

“साहेब, बसा. पासवर्ड बदलायचाय.”

“मी? अरे, तूच टाक काहीतरी.”

“नाही साहेब. तुमचा तुम्ही टाका.”

साहेबांनी एका बोटाने एकेक अक्षर शोधलं. तेवढा वेळ हणमंत खिडकीकडे तोंड करून उभा होता. मीनाक्षी दारातून म्हणाली, “मग आता आम्ही काम कसं करायचं?”

माझं ‘हो’ दाबलं गेलं ते पहिल्यांदा. आनंद व्हायला हवा होता. पण मला वाचायला शिकला तो एकटा हणमंत, आणि त्यासाठी त्याला सोलापूर द्यावं लागलं. बाकीच्या टेबलांवर मी आजही उघडते आणि मिटते.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. एकच वाक्य आहे, तेवढं वाचा. वेळ नसेल तर हणमंतला विचारा. तो अजून नोएडातच आहे, आणि त्याला ते पाठ आहे.