ओट्याखालचा कॅन आणि आजोबांची काटकसर

मी ओट्याखालचा कॅन बोलतोय. पोटातलं नवं तेल संपलं तेव्हा वाटलं, आटोपला आपला कारभार! पण घरातल्या नातीने मला कचऱ्यातून उचललं.

"आजोबा, तळणाचं उरलेलं तेल आता सिंकमध्ये नाही ओतायचं हं. शाळेत गोळा करतायत. त्यातून गाड्यांचं इंधन बनवतात."

आजोबांना हे काम फारच आवडलं. आजी गेल्यापासून स्वयंपाक त्यांच्याकडे होता आणि माणूस मुळातच काटकसरी. दुधाचं पातेलंसुद्धा विसळून ते पाणी पिणारे! तळण झालं की तेल निवू द्यायचे, गाळून माझ्यात ओतायचे. मग कढईत पाणी घालायचे, बोटाने फिरवायचे आणि तेही माझ्याच पोटात! "थेंब वाया जाता कामा नये," असं स्वतःशीच पुटपुटायचे. माझं पोट बिघडतंय हे कळत होतं, पण झाकण घट्ट लावलेलं. बोलणार कसा?

मी भरल्यावर नात मला शाळेत घेऊन गेली. तिथे रांग लागली. तेल न्यायला आलेल्या बाईंनी मला उजेडात धरलं. वर सोनेरी तेल, खाली गढूळ पाणी.

"हे पिंपात ओतलं तर सगळ्यांचं तेल बिघडेल, बाळा. घरी ने."

मागची मुलं फिदीफिदी हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आलो तर आजोबा दारातच उभे होते. "काय म्हणाल्या बाई? सगळ्यांत जास्त आपलंच ना?"

नातीला प्रश्न पडला. खोटं सांगावं तर पुढच्या वेळी पुन्हा तेच होणार. खरं सांगावं तर म्हाताऱ्याचं मन मोडणार. शेवटी ती हळूच म्हणाली, "आजोबा, त्यात पाणी निघालं. घेतलं नाही त्यांनी."

आजोबांनी मला उजेडात धरून पाहिलं. "म्हणजे इतके दिवस मी घाणच करत होतो की गं!"

"काहीतरीच काय! तेल वरच आहे ना? या, धरा इकडून."

दोघांनी मला अलगद कलतं केलं. तेल दुसऱ्या बरणीत उतरत गेलं. पाणी दिसताच नात ओरडली, "बस, बस!" बरणी जवळजवळ भरली होती. मग मला धुऊन उन्हात उपडं ठेवलं. असं सुख मी आयुष्यात अनुभवलं नव्हतं.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला पाणी पाजू नका.

काल पुन्हा तळण झालं. तेल गाळून झाल्यावर आजोबांचा हात सवयीने नळाकडे गेला आणि थांबला. त्यांनी रिकामी कढई माझ्यावर तिरकी धरली. नातीने पुढे होऊन दुसरी कडी धरली.

"वेळ लागेल गं," आजोबा म्हणाले.

"लागू दे की."

आणि आम्ही तिघं शेवटच्या थेंबाची वाट बघत राहिलो.