डाव्या चाकाचा आवाज

मिस्त्रीचा कान म्हणजे कान होता. गाडी अजून वळणावर असायची आणि हा हातातला पान्हा खाली न ठेवता सांगायचा, हिचा बुश गेलाय, हिचा शॉकअप रडतोय. तीस वर्षं त्या कानावर घर चाललं, धाकट्या भावाचं लग्न उरकलं. आता मात्र त्याच कानानं त्याला पार दमवून टाकलं होतं.

सिस्टरची गाडी खरं तर नुसतं ऑइल बदलायला आली होती. गावोगाव बाळंतपणं करत फिरणारी ती नर्स, तिची काही तक्रारच नव्हती. पण ट्रायल घेताना गाडी गतिरोधकावरून उतरली आणि पुढच्या डाव्या चाकाकडून टक झालं. एकदाच, कोरडं, चावीनं कुणी दार वाजवावं तसं. मिस्त्रीनं लिंक रॉड बदलला, मग बुश, मग बॉल जॉइंट. हाताला कुठं खेळ, कुठं ढिलेपणा लागेना आणि आवाज काही जाईना. चालत्या गाडीचा बॉल जॉइंट निसटला तर चाकच आडवं पडतं, माणूस वाचत नाही. म्हणून चार दिवस त्यानं किल्ली दिली नाही.

"दादा, मला काहीच ऐकू येत नाही," धाकटा म्हणाला.

"तुला बायकोची हाकसुद्धा ऐकू येत नाही."

"ती मुद्दाम येत नाही." धाकटा हसला, मग हसू आवरून म्हणाला, "हे खरंच येत नाही."

चौथ्या दिवशी सकाळी मिस्त्रीनं धाकट्याला गाडी घेऊन पार पाण्याच्या टाकीपर्यंत पिटाळलं आणि आपण गॅरेजच्या दारात उभा राहिला. गाडी काडेपेटीएवढी झाली, तिकडच्या गतिरोधकावर हलली, आणि टक. लांबचा आवाज लांबून यावा की नाही? हा कानाला लागूनच आला. काल स्वतः स्टिअरिंगवर बसला असताना आला होता, तेवढाच. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय?

दुपारी सिस्टर आली ती घाईनंच. "मिस्त्री, पोरं काय तुमच्या गाडीसाठी थांबतात होय? तिकडं एकजण सकाळपासून कळा देतेय."

"एक दिवस द्या, सिस्टर."

"काही सापडलंय का?"

धाकटा त्याच्याकडं बघत होता. राग असता तर मिस्त्रीनं सोसला असता. ती कीव होती. "नाही," तो म्हणाला. "माझाच कान म्हातारा झालाय." आणि त्यानं किल्ली दिली.

घरी येऊन तो जेवायला बसला. पहिल्या घासालाच टक झालं. थोड्या वेळानं पुन्हा.

"कच्चा रस्ता लागला वाटतं," तो म्हणाला.

"कुणाला, अहो?" बायकोनं विचारलं.

त्यानं हातानंच तिला थांबवलं. टक, टक, मग लागोपाठ तीन. मग काहीच नाही. तो ताटावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिला. पोचली असेल, बाळंतिणीच्या दारात गाडी लावून आत गेली असेल, असं मनाशी म्हणत त्यानं चार दिवसांत पहिल्यांदाच भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

मग कानाशी हलकी घरघर सुरू झाली. तिच्यात खडखड नव्हती, खेळ नव्हता. जमिनीला न टेकलेलं एक चाक सावकाश, गुळगुळीत फिरत होतं.